हौसेची घडणावळ

आपल्या व्यापारी घरांत भाव ठरवण्याचे शिक्षण शाळेत जाण्यापूर्वीच सुरू होते. तूर, उडीद, कापूस, केळी यांना रोजचा दर असतो, आणि जळगावच्या सराफ बाजारात तर तो फलकावर लिहिलेलाच असतो. मात्र ज्या वस्तूला दर नाही, तिचा भाव ठरवताना मुरलेली माणसेही चाचपडू लागतात. मालकाने आपल्या हौसेप्रमाणे फेरफार केलेली, वापरलेली वेगवान मोटार ही अशा वस्तूंपैकी एक होय. बँकेत असताना मी असंख्य कर्जप्रकरणांतील तारणांची किंमत पडताळली. परंतु या विशिष्ट वस्तूचा विचार करण्याचा प्रसंग निवृत्तीनंतर, २०२२ साली, दोन परिचित घरांमुळे आला. दोन्ही घरांच्या संमतीने तो येथे मांडतो. नावे अर्थातच देत नाही.

विकणारा होता जळगावच्या डाळीच्या व्यापाऱ्यांचा धाकटा मुलगा, आणि घेणारा धुळ्याच्या तेलाच्या व्यापाऱ्यांचा मुलगा. सौदा साधा राहिला नाही तो नात्यामुळे. धुळ्याच्या घरची मुलगी जळगावच्या घरची थोरली सून. म्हणजे विकणारा तिचा दीर आणि घेणारा तिचा सख्खा भाऊ. तिनेच मला फोन केला. म्हणाली, "काका, भाव तुम्हीच सांगा. कमी ठरला तर सासरी, जास्त ठरला तर माहेरी, आयुष्यभर मलाच ऐकावे लागेल." दोन-चार लाखांच्या फरकापेक्षा हे ओझे मला मोठे वाटले, म्हणून मी होकार दिला.

गाडी होती स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, २०१८ ची. दिसायला घरगुती ऑक्टेव्हियासारखीच. पण आत दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि दुहेरी क्लचचा सहा वेगांचा स्वयंचलित गिअरबॉक्स. आपल्या बहुतेक घरांतील लहान पेट्रोल गाड्यांची शक्ती ८० ते ९० च्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. ऑगस्ट २०१७ मध्ये ही गाडी भारतात आली, तेव्हा तिची दिल्लीतील शोरूम किंमत २४ लाख ६२ हजार होती.

या मूळ गाडीवर मुलाने हौसेने साडेपाच लाख रुपये खर्च केले होते. इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून शक्ती २९० पर्यंत नेल्याचे तो सांगत होता. सायलेन्सर व त्यामागची नळी बदलली होती, हवा ओढणारी पेटी बदलली होती, बुटक्या स्प्रिंगा लावून गाडी खाली आणली होती, एकोणीस इंची अलॉय चाके बसवली होती आणि मूळ पांढऱ्या रंगावर राखाडी आवरण चढवले होते.

दोन्ही बाजूंचा हिशेब वरवर पाहता तर्कशुद्ध होता. जळगावची बाजू म्हणे : अशीच न बदललेली गाडी २१ लाखांना जाते, तिच्यावर साडेपाच लाखांचे काम आहे, तेव्हा साडेसव्वीस होतात, नात्यातला सौदा म्हणून २६ द्या. धुळ्याची वडीलधारी मंडळी म्हणत : हात लावलेली गाडी म्हणजे बिघडलेली गाडी, १७ च्या वर एक रुपया नको. अंतर होते नऊ लाखांचे, आणि गंमत अशी की दोघेही एकाच गाडीबद्दल बोलत होते.

पहिल्या हिशेबातील दोष सराफाच्या पेढीवर बसलेल्या कोणालाही चटकन उमगेल. लग्नात घेतलेला नक्षीदार हार वीस वर्षांनी मोडीत काढायला नेला, तर सराफ सोन्याचे वजन करतो, कस पाहतो, घट वजा करतो आणि उरलेल्याचे पैसे देतो. घडणावळीचे पैसे परत मिळत नाहीत, आणि त्याबद्दल कोणी सराफाशी भांडतही नाही. घडणावळ ही त्या हाराच्या मिरवण्याची किंमत होती. ती मिरवून झाली. गाडीवरचे साडेपाच लाख ही अशीच घडणावळ. तीन वर्षे मुलाने तिचा आनंद घेतला, तेथेच तो खर्च फिटला.

गाडीच्या घडणावळीची स्थिती तर दागिन्याहूनही नाजूक असते. हाराच्या नक्षीमुळे सोन्याचा कस उतरत नाही. इंजिनाची शक्ती वाढवली की टर्बो, क्लच, गिअरबॉक्स, पिस्टन या सर्वांवरचा भार वाढतो. आज्ञावली बदलणारे बरेचदा जास्त ऑक्टेनचे पेट्रोल गृहीत धरतात. तेव्हा पंपावरचे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे असे. अशा गाडीत सतत साधे पेट्रोल भरून तिला ताणले, तर इंजिनाला होणारी इजा वरून दिसत नाही. म्हणून खर्चाची पावती येथे किमतीत भर घालत नाही, उलट खरेदीदाराच्या मनात शंका निर्माण करते.

ही शंका म्हणजेच दुसऱ्या बाजूच्या १७ लाखांचे मूळ. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांचे नाव ठाऊक असेल. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. सार असे की गाडीतील खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी सदोष असल्याचे धरूनच भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात खरोखरच सदोष गाड्या उरतात. धुळ्याचे काका अकरलॉफ वाचून बोलत नव्हते. पण त्यांचे १७ लाख हे अज्ञानाचा हप्ता कापून काढलेले १७ लाख होते. तो हप्ता कमी करायचा तर अज्ञान कमी करायला हवे. म्हणून मी दोघांना सांगितले, आकडा आठ दिवस बाजूला ठेवा. आधी दोघांची माहिती सारखी होऊ द्या.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पाहणारा जाणकार झूल आणि गोंडे पाहून भाव करत नाही. दात पाहून वय ओळखतो आणि घोडा चालवून, पळवून पाहतो. आम्ही तसेच केले. दोन्ही मुले आणि मी त्याच गाडीने अजिंठ्याच्या रस्त्याने तेव्हाच्या औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एका स्वतंत्र तंत्रज्ञाकडे गेलो. शहराजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना असल्याने या गाड्या जाणणारी माणसे तेथे सापडतात. वाटेत प्रत्येक गतिरोधकावर गाडीचे पोट घासत होते आणि दर वेळी विकणाऱ्याचा चेहरा कसनुसा होत होता.

तंत्रज्ञाने चारही सिलिंडरांचा दाब मोजला. तो सारखा निघाला. पत्र्यावरील रंगाची जाडी यंत्राने तपासली. कोठेही अपघातानंतरचे काम नव्हते. कूलंट पंपाच्या जोडाशी थोडा ओलावा होता. या इंजिनात तो आढळतो. टायर बाहेरून नवे दिसत होते, पण आतल्या कडा झिजलेल्या होत्या. गाडी खाली आणल्यावर चाकांचा कोन नीट जुळवला नाही, तर असे होते. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत आज्ञावली बदलल्याचे कंपनीच्या तपासणीत आढळले, तर त्या गाडीच्या नोंदीवर 'टीडी१' अशी खूण पडते. पुढे मूळ आज्ञावली परत घातली तरी ती खूण राहते, आणि वॉरंटीचा प्रश्न आला की आडवी येते.

मग तंत्रज्ञाने गिअरबॉक्सविषयी विचारले. त्या दिवशीच्या चाचणीत त्यात काहीही आढळले नव्हते. विकणारा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात दोनदा, गर्दीत हळू चालताना, दुसऱ्या गिअरला झटका बसला होता. त्यानंतर नाही. पण बसला होता." मग पिशवीतून त्याने एक फाईल काढली. प्रत्येक सर्व्हिसची पावती, प्रत्येक फेरफाराचे बिल, किती किलोमीटरवर काय बदलले याची तारीखवार नोंद, सारे तिच्यात होते. मूळ सायलेन्सर, मूळ चाके, स्प्रिंगा आणि हवेची पेटी घरच्या गोदामात कापडात गुंडाळून ठेवल्याचेही त्याने तेव्हाच सांगितले.

त्या एका वाक्याने त्याचे काही हजार रुपये गेले असतील. परंतु सौदा त्याच वाक्याने शक्य झाला. धुळ्याचा मुलगा त्यानंतर शंका काढायचा थांबला. कर्ज देताना आम्ही ताळेबंद पाहत असू, स्टॉकचे विवरण पाहत असू. पण विचारण्यापूर्वीच स्वतःची अडचण सांगणाऱ्या खातेदाराचे कर्ज सहसा बुडत नाही, हे त्या आकड्यांपलीकडचे ज्ञान होते.

आता प्रश्न उरला कायद्याचा, आणि तो दोन्ही घरांना नवा होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम या गाडीच्या मालकाला क्षुल्लक वाटेल. विमा तसा नाही. विम्याची रक्कम उत्पादकाच्या यादीतील किमतीवरून, ठरलेली घट वजा करून काढतात. पाचव्या वर्षी ही घट ५० टक्के असते, आणि पाच वर्षांनंतर ती परस्पर संमतीने ठरते. हौसेचे साडेपाच लाख त्या रकमेत आपोआप येत नाहीत. शिवाय महत्त्वाचे बदल कळवलेले नसतील, तर अपघातानंतर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याची भीती असते. पारोळा ते धुळे या रस्त्यावर रात्री जड वाहने कशी धावतात हे आपण सर्व जाणतो. तेथे काही विपरीत घडले, तर प्रश्न गाडीपुरता राहत नाही.

धुळ्याचा मुलगा हे ऐकून हिरमुसला. "काका, मला तर ती आहे तशीच आवडली होती. मूळ गाडीच घ्यायची तर हीच का घेऊ?" त्याचे म्हणणे प्रामाणिक होते, आणि तरुणाची हौस हा काही अपराध नव्हे. मी त्याला एवढेच विचारले : "ही गाडी तुझ्या नावावर झाली की तिच्यातील प्रत्येक फेरफार तुझा होतो. पोलिसाने अडवले, विमा कंपनीने विचारले, तर उत्तर तुला द्यायचे आहे, तुझ्या ताईच्या दिराला नाही. ते उत्तर द्यायला तू तयार आहेस का?" त्याने रात्रभर विचार केला. सकाळी त्याचा फोन आला, "मूळ २३० पुरे आहेत."

त्यानंतर हिशेब अर्ध्या तासात झाला. बँकेतील शिस्तीप्रमाणे आधी पाया धरला : त्याच वर्षाची, तेवढ्याच सुमारे ४८,००० किलोमीटर चाललेली, फेरफार न केलेली गाडी. आम्ही पाहिलेल्या तीन सौद्यांवरून ही किंमत २१ लाख धरली. लोक मागतात तो आकडा न घेता व्यवहार प्रत्यक्ष झाला तो घेतला, कारण मागणी म्हणजे इच्छा असते आणि सौदा म्हणजे पुरावा. विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने गाडी मूळ रूपात आणून द्यायची आणि काढलेले सुटे भाग स्वतःकडे ठेवायचे, असे ठरले. चार टायर, गिअरबॉक्सचे तेल आणि कूलंटचा जोड यांसाठी ५० हजार वजा केले. तीन वर्षे जास्त भाराने चाललेल्या यंत्राची न दिसणारी झीज आणि ते दोन झटके यांसाठी एक लाख वजा केला. हा शेवटचा आकडा कोणत्याही सूत्रातून येत नाही. तो दोघांनी एकमेकांकडे पाहून मान्य केला, आणि फाईल नसती तर तो याच्या तिप्पट झाला असता. किंमत ठरली साडेएकोणीस लाख.

येथे एक बाब उरली होती. आपल्या बहुतेक घरांत ती विसरली जाते. गाडी वडिलांच्या नावावर होती, पण मालकीच्या पेढीच्या वहीत भांडवली मालमत्ता म्हणून होती आणि तिच्यावर दरसाल १५ टक्के घसारा घेतलेला होता. करापोटीच्या खर्चासह २८ लाखांना पडलेल्या गाडीची वहीतली किंमत चार वर्षांनी सुमारे १४ लाख ६२ हजारांवर आली होती. जीएसटीत नोंदणी असलेल्या आणि गाडीवर घसारा घेतलेल्या व्यक्तीने ती विकली, तर विक्रीची रक्कम आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांतील फरकावर कर लागतो. या आकाराच्या मोठ्या पेट्रोल गाडीला तो दर १८ टक्के होता. फरक ४ लाख ८८ हजारांचा, म्हणजे कर सुमारे ८८ हजार. हा भार कोणाचा? घसाऱ्याचा लाभ ज्याने घेतला त्याचा, हे सांगताना मला फारसे बोलावे लागले नाही. जळगावच्या भाऊसाहेबांनी चष्मा काढून हसत मान डोलावली. वैयक्तिक वापराची, घसारा न घेतलेली गाडी एखाद्या साध्या माणसाने विकली, तर हा कर येत नाही; म्हणून भाव बोलण्यापूर्वी गाडी कोणाच्या वहीत आहे हे विचारावे. जानेवारी २०२५ पासून तर लहान गाड्यांसाठीचा पूर्वीचा १२ टक्क्यांचा दरही १८ झाला आहे.

कागदपत्रांत मी कोणतीही सवलत दिली नाही. घरच्याघरी आहे, सावकाश करू, हे वाक्य नात्यातल्या सौद्यांत सर्वांत धोक्याचे असते. नमुना २९ आणि ३० त्याच दिवशी भरले, कारण राज्यांतर्गत हस्तांतर १४ दिवसांत कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलेले आहे. जळगावची एमएच १९ ची गाडी धुळ्याच्या घरी उभी राहिली आणि कागद जळगावच्याच नावावर राहिले, तर एका चुकलेल्या वळणाची किंमत दोन्ही घरे मोजतील. गाडीवरचे कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि नमुना ३५ ही पाहिला. बोजा उतरलेला नसेल तर बाकी सारे व्यर्थ.

विकणाऱ्याचे सुटे भाग पुढे पुण्याच्या आणि नाशिकच्या हौशी मंडळींनी घेतले. त्यांचे सुमारे दीड लाख आले. साडेपाच लाखांच्या घडणावळीतून दीड लाख परत, हे सराफ बाजाराच्या मानाने बरेच म्हणावे. ते मिळाले याचे कारण मूळ भाग जपले होते. ज्याने मूळ भाग विकून टाकले, त्याला आपली गाडी परत गाडी करता येत नाही, आणि फेरफारांसकट घेणारा गिऱ्हाईक शोधण्यात वर्ष जाते.

अलीकडे हा विषय पुन्हा निघू लागला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी ऑक्टेव्हिया आरएस भारतात आली. केवळ १०० गाड्या, किंमत ४९ लाख ९९ हजार. त्यामुळे जुन्या आरएसचे मालक आपल्या गाड्यांना दुर्मीळ रत्न समजू लागले आहेत. दुर्मीळतेला मोल असते, हे मी नाकारत नाही. परंतु दुर्मीळ असते ती मूळ गाडी. आवरण चढवलेली आणि नळ्या बदललेली गाडी जगात एकच असली, तरी तिला तेवढाच एक ग्राहक असण्याचा संभव असतो.

आपल्या घरांतील तरुणांनी अशा गाड्या घेऊच नयेत, असे मी म्हणणार नाही. घेण्यापूर्वी मात्र विकणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. मूळ भाग कोठे आहेत? कोणते काम कधी आणि किती किलोमीटरवर झाले, याची नोंद आहे का? आणि गाडीने आजवर कधी त्रास दिला? तिसऱ्या प्रश्नाला "कधीच नाही" असे झटपट उत्तर आले, तर भाव कमी करावा. थोडे थांबून, आठवून, एखादी बारीक तक्रार सांगितली गेली, तर त्या माणसाला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. विकणाऱ्यांनीही हे ओळखावे. जे तुम्हाला ठाऊक आहे, ते समोरच्याला ठाऊक झाल्यावरही जो भाव टिकतो, तोच वाजवी भाव. त्या भावाने झालेल्या सौद्यात पुढच्या दिवाळीला दोन घरे एकमेकांकडे मोकळ्या मनाने फराळाला जाऊ शकतात. त्या सूनबाईंना मधल्या काळात सासरी वा माहेरी गाडीबद्दल एक शब्दही ऐकावा लागलेला नाही, असे त्यांनी मला गेल्या पाडव्याला सांगितले.